पकडीचे गुण छापता, मग प्रयत्नही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

प्रो कबड्डीचा हंगाम अर्ध्यावर आला की मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानांवर एक हिशेब ठरलेला असतो. लिलावातली रक्कम एका बाजूला, पकडीचे गुण दुसऱ्या बाजूला. भागाकार केला की एक पकड कितीला पडली ते निघते आणि पोरगा महागात पडला, असा निकाल लागतो. चढाईपटूच्या बाबतीत हे थोडेफार चालून जाते, कारण तो एकटा जातो आणि एकटा परत येतो. कोपरारक्षकाच्या, म्हणजे बचावफळीच्या टोकाला उभ्या राहणाऱ्या गड्याच्या बाबतीत हा हिशेब साफ चुकतो. त्यात तो बावीस-तेवीस वर्षांचा असेल आणि पहिल्यांदाच मोठी बोली लागून संघात आलेला असेल, तर त्याच्यावर सरळ अन्याय होतो. ‘पैसे वाया’ हा शिक्का एकदा छापून आला की पुढच्या लिलावापर्यंत तो त्याच्या पाठीवर राहतो. म्हणून कोपरा जोखायचा कसा, हे जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, त्याबद्दल क्षमस्व.

आधी किमतीचे पाहू. ३१ मे आणि १ जून २०२५ रोजी आपल्या मुंबईतच बाराव्या हंगामाचा लिलाव झाला. प्रत्येक संघाच्या थैलीत ५ कोटी. संघात कमीत कमी १८ खेळाडू हवेत. खेळाडूंचे गट चार, पायाभूत किंमत अनुक्रमे ३०, २०, १३ आणि ९ लाख. बोली कुठपर्यंत जाणार, हे खेळाडूच्या पकडीपेक्षा दोन गोष्टींवर जास्त ठरते: त्या दिवशी डावा किंवा उजवा कोपरा रिकामा असलेले किती संघ समोर बसले आहेत, आणि त्यांच्याकडे किती पैसे उरले आहेत. दोन संघांना एकच मुलगा हवा असला की पाटी वर चढतच जाते. तोच मुलगा दुसऱ्या दिवशी उशिरा पुकारला गेला असता तर निम्म्यात गेला असता. शिवाय जुन्या संघाला शेवटच्या बोलीइतके पैसे देऊन खेळाडू परत घेण्याची सोय आहे. ती वापरली जाईल अशी शंका असेल, तर समोरचा संघ मुद्दाम आकडा वर नेतो. त्या आकड्यात खेळाडूचा हात नसतो. योगेश दहियासाठी बंगळूरूने त्या लिलावात १ कोटी १२.५ लाख मोजले, आदल्या वर्षी सुनील कुमारसाठी यू मुंबाने १ कोटी १.५ लाख. या रकमा त्या-त्या संघाची निकड सांगतात. खेळाडूने काय द्यायचे याचा करारनामा म्हणून त्या वाचू नयेत.

इराणच्या मोहम्मदरेझा शादलू या कोपरारक्षकाचे उदाहरण घ्या. २०२१ च्या लिलावात पाटण्याने त्याला ३१ लाखांना घेतले आणि त्या हंगामात त्याने पकडीचे ८९ गुण मिळवले. दहाव्या हंगामासाठी पुण्याने त्याच्यावर २ कोटी ३५ लाख लावले, तेव्हा त्याचे गुण झाले ९९. किंमत साडेसात पट, गुण दहा जास्त. भागाकार करणाऱ्याच्या हिशेबात पुणेरी पलटण बुडाली. प्रत्यक्षात मार्च २०२४ मध्ये पुण्याने हरियाणाला २८-२५ असे हरवून पहिल्यांदा चषक उचलला. पुढे २०२५ मध्ये गुजरातने त्याच खेळाडूसाठी २ कोटी २३ लाख दिले आणि तो संघ बाद फेरीतही आला नाही. माणूस तोच, रक्कम जवळपास तीच. बदलले ते त्याच्या आजूबाजूचे सहा गडी.

आता मैदानावर येऊ. पुरुषांचे मैदान १३ मीटर लांब, १० मीटर रुंद. मध्यरेषेपासून निदान रेषा ३.७५ मीटरवर, तिच्या मागे १ मीटरवर बोनस रेषा, आणि अंतिम रेषा ६.५ मीटरवर. म्हणजे बोनस रेषा आणि अंतिम रेषा यांच्यामधली पावणेदोन मीटरची पट्टी हे कोपऱ्याचे घर. पावणेसहा फुटी चढाईपटू हात लांबवून आडवा पडला की टाचेपासून बोटांच्या टोकापर्यंत सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. बोनस रेषेवर त्याचा पाय धरला, तर तो पडूनही मध्यरेषेपासून अडीच मीटर मागे राहतो. निदान रेषेवर धरला, तर दीड मीटर. तेवढे अंतर ताकदीचा गडी दोन हिसक्यांत कापतो. मध्यरेषेपासून ३ मीटरवर धरला, तर उरते पाऊण मीटर, आणि तिथे मागून सपोर्ट आला नाही की गुण गेलाच. म्हणून पकड पाहताना पहिला प्रश्न हा विचारावा: हात कुठे पडला? तरुण कोपऱ्याची पकड फसते, तेव्हा बहुतेक वेळा ती जोर कमी पडल्याने फसत नाही. तो आपले घर सोडून पुढे गेलेला असतो.

घोट्याची पकड जवळून पाहिली तर हे अधिक कळते. बोनस घेताना चढाईपटूचा पुढचा पाय रेषेपलीकडे टेकलेला आणि मागचा पाय हवेत असावा लागतो. त्या क्षणी सगळे वजन एका पायावर असते. तयार कोपरा नेमका याच क्षणाची वाट पाहतो. कंबर खाली, वजन दोन्ही पायांच्या चवड्यांवर, नजर चढाईपटूच्या गुडघ्यावर. खांदे आणि हात फसवतात, गुडघा फसवत नाही. पाय टेकला की एक हात टाचेच्या मागे, बुटाच्या वर, दुसरा पोटरीच्या खाली, आणि धरलेला पाय उचलून आपल्या छातीशी घ्यायचा. ओढ अंतिम रेषेकडे. डोके पायाच्या बाहेरच्या अंगाला, गाल मांडीला चिकटलेला. डोके आत गेले तर चढाईपटूचा दुसरा गुडघा कपाळावर बसतो आणि मिठी सुटते. हा सगळा प्रकार डोळ्याचे पाते लवेपर्यंत संपतो. त्यातला सर्वांत अवघड भाग हात घालण्याचा नसून थांबण्याचा आहे.

तरुण पोरांचे नेमके इथे चुकते. समोरच्याने नुसता पाय लांबवून खोटा बोनस दाखवला की ते झेपावतात. चढाईपटूचे वजन अजून मागच्या पायावर असते. तो पुढचा पाय झटकन खेचून घेतो आणि जाता जाता डोक्याला हात लावून जातो. दुसरी चूक एका हाताने पायाला लटकण्याची. मॅटवर बुटाची पकड घट्ट असते आणि घोटा घामाने ओला. एका हातात तो टिकत नाही. आपल्याकडे गल्लीतल्या मातीवर घडलेल्या मुलांना हे उशिरा कळते, कारण मातीत चढाईपटूचा उभा पाय सरकतो आणि अर्धवट पकडही निभावून जाते. मॅटवर निभावत नाही. तिसरी चूक लॉबीची, म्हणजे मैदानाच्या कडेच्या पट्टीची. स्पर्श किंवा झटापट झालेली नसताना लॉबीत पाय पडला की रक्षक आपोआप बाद. चढाईपटू कडेकडेने पळतो, कोपरा त्याच्या मागे लॉबीत उतरतो आणि हात लावला की नाही यावर पंचांशी वाद घालत बसतो. एका चढाईत दोन-तीन गडी असे फुकट गेलेले अनेकदा दिसतात, आणि गुणफलकावर ती चूक कोणाची हे कुठेच उमटत नाही.

मग मोजायचे काय? सर्वांत आधी प्रयत्न. दोन काल्पनिक कोपरे घ्या, दोघेही साखळीतले सर्व १८ सामने खेळलेले. पहिल्याचे पकडीचे गुण ५२. त्यात ७ सुपर टॅकल (तीन किंवा कमी रक्षक असतानाची दोन गुणांची पकड), म्हणजे १४ गुण तिथले. उरलेले ३८ साधे. एकूण यशस्वी पकडी ४५. त्यासाठी त्याने ११८ वेळा झेप घेतली, म्हणजे ७३ वेळा फसला. दुसऱ्याचे गुण ४१, सुपर टॅकल २, यशस्वी पकडी ३९, प्रयत्न ७४, फसलेले ३५. वृत्तपत्राच्या तक्त्यात पहिला वर असणार. आता फसलेल्या प्रत्येक प्रयत्नाला समोरच्याला किमान एक गुण मिळाला असे धरा. पहिला ५२ मिळवून ७३ देतो, उणे २१. दुसरा ४१ मिळवून ३५ देतो, अधिक ६. फरक २७ गुणांचा, म्हणजे सामन्यामागे दीड गुण. बाराव्या हंगामाचा अंतिम सामना दिल्लीने ३१-२८ असा जिंकला. अशा खेळात सामन्यामागे दीड गुण ही चैन परवडणारी नाही.

आणि यात फसलेल्या पकडीचा पुरता खर्च अजून धरलेलाच नाही. कोपरा बाद झाला की तो बाहेर बसतो. गडी उठतात ते बाद झालेल्या क्रमाने. त्याच्या आधी दोघे बाहेर असतील, तर आधी ते आत येणार, मग हा. बोनसने गुण मिळतो, पण गडी उठत नाही. तेवढा वेळ त्याच्या जागी मध्यरक्षक कोपऱ्यात सरकतो, मधली फळी विरळ होते आणि पुढच्या चार-पाच चढायांत लोण यायची, म्हणजे सगळा संघ बाद व्हायची वेळ येते. म्हणून मॅटवर किती वेळ होता, हा आकडा आम्हाला पकडीच्या गुणांइतकाच महत्त्वाचा वाटतो. चाळीस मिनिटांपैकी तीस-बत्तीस मिनिटे मॅटवर उभा असलेला आणि तीन पकडी करणारा कोपरा, अठरा मिनिटे उभा राहून पाच पकडी करणाऱ्यापेक्षा संघाला जास्त देतो. ‘हाय फाइव्ह’ (एका सामन्यात पकडीचे पाच गुण) मात्र दुसऱ्याच्या नावावर लागतो.

सुपर टॅकलबद्दल थोडे वेगळे बोलावे लागेल. मैदानात तीन किंवा त्याहून कमी रक्षक असताना पकड झाली की एक गुण जादा. दोन्ही गुण पकड करणाऱ्याच्या खात्यात जातात, गडी मात्र एकच उठतो. आता ही संधी जास्त कोणाला मिळते? ज्या संघाची फळी वरचेवर तीनवर येते त्याला. म्हणजे कमकुवत संघातल्या कोपऱ्याचे गुण सुपर टॅकलमुळे फुगतात, आणि सहा-सात गडी राखून खेळणाऱ्या संघातल्या कोपऱ्याला ती संधीच कमी येते. शिवाय तिघेच उरलेले असताना रक्षकांना गमावण्यासारखे फारसे नसते, तर चढाईपटू लोण चढवायच्या घाईत खोल येतो. ती पकड मोलाची आहेच, सामना फिरवते. पण सात गडी उभे असताना, समोरचा नुसता वेळ काढायला आलेला असताना केलेली पकड वेगळ्या दर्जाची आहे. दोन्ही एका रकान्यात घालू नयेत.

तिसऱ्या चढाईचेही तसेच. दोन चढाया रिकाम्या गेल्यावर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. तो जोखीम घेणार हे सर्वांना माहीत असते. जो प्रशिक्षक मुद्दाम संथ खेळ करून समोरच्याला तिसऱ्या चढाईवर आणतो, त्याच्या कोपऱ्यांच्या पकडी वाढतात. जो भरभर खेळतो, त्याच्या कोपऱ्यांना या पकडी कमी मिळतात. श्रेय मुलाचे की डावपेचाचे, हे सामने पाहिल्याशिवाय कळत नाही.

आता न दिसणाऱ्या कामाकडे. एका सामन्यात प्रत्येक संघाच्या साधारण चाळीस चढाया होतात. कोपरा त्यातल्या पाच-सहा वेळा हात घालतो. उरलेल्या चौतीस चढायांत तो काय करतो? चांगला कोपरा जागा अशी धरतो की चढाईपटू त्याच्या बाजूला खोल जातच नाही, बोनसचा विचार सोडतो, दुसऱ्या कोपऱ्याकडे वळतो. तिथे दुसऱ्याला पकड मिळते. यू मुंबाच्या सामन्यात एखाद्या दिवशी हे कागदावर मांडून पाहा: समोरचा चढाईपटू डाव्या कोपऱ्याकडे किती वेळा वळला, उजव्याकडे किती वेळा, आणि सामना पुढे सरकला तसे ते प्रमाण बदलले का. पहिल्या दहा मिनिटांत दोन्हीकडे सारख्या चढाया आणि शेवटच्या दहात बहुतेक एकाच बाजूला असे चित्र आले, तर दुसऱ्या बाजूच्या पोराने आपले काम चोख केले आहे. त्याच्या नावापुढे त्या दिवशी शून्य पकडी असल्या तरी.

हा प्रश्न एकट्या कबड्डीचा नाही. अमेरिकन फुटबॉलमध्ये कॉलेजातून येणाऱ्या खेळाडूंची ‘ड्राफ्ट’ पद्धतीने निवड होते आणि पहिल्या काही क्रमांकांवर बचावाच्या पुढच्या फळीतले धिप्पाड गडी घेतले जातात. त्यांचा ठळक आकडा म्हणजे ‘सॅक’, चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला त्याच्या रेषेमागेच पाडणे. २०२२ मध्ये पहिल्या क्रमांकावर ट्रॅव्हॉन वॉकर आणि दुसऱ्यावर एडन हचिन्सन निवडला गेला. पहिल्या वर्षी हचिन्सनचे साडेनऊ सॅक, वॉकरचे साडेतीन. वॉकरची निवड चुकली असा गलका झाला. दुसऱ्याच वर्षी त्याने १० सॅक केले. त्याआधी २०१४ चा पहिल्या क्रमांकाचा जेडेव्हॉन क्लाउनी गुडघ्याच्या दुखापतीमुळे पहिल्या हंगामात चारच सामने खेळला, कारकिर्दीत एकाही हंगामात त्याने दहाचा आकडा गाठला नाही. पण चेंडू घेऊन धावणाऱ्याला अडवण्यात त्याचा हात धरणारे थोडे होते. तिकडचे जाणकार म्हणून सॅकबरोबर ‘प्रेशर’ मोजतात, म्हणजे पाडला नाही तरी किती वेळा क्वार्टरबॅकला घाईत चेंडू सोडायला लावला. कोपऱ्याने चढाईपटूला दुसऱ्या बाजूला वळवणे ही कबड्डीतली तीच गोष्ट. त्यांनी तिला नाव दिले आणि आकडा दिला. आपण दोन्ही दिलेले नाही.

सोबत कोण आहे, हेही पाहायला हवे. कोपऱ्याने पाय धरला की ज्या मध्यरक्षकाचा हात त्याच्या हातात आहे, त्याने लगेच अंगावर यायचे असते. तो पाऊल मागे राहिला की फसलेली पकड कोपऱ्याच्या नावावर लागते. वेळेवर आला की यशस्वी पकडही बहुधा कोपऱ्याच्याच नावावर लागते. म्हणजे मध्यरक्षकाचे चांगले-वाईट दोन्ही कोपऱ्याच्या खात्यात. मुंबईकरांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. यू मुंबा पहिल्या तीनही हंगामांत अंतिम फेरीत गेली, २०१५ मध्ये विजेती झाली. सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर हे कोपरे, आणि मध्ये जीवा कुमार व आपला विशाल माने. २०१६ च्या लिलावात बंगळूरूने मोहितला ५३ लाखांना घेतले, त्या वर्षीचा तो सर्वांत महाग खेळाडू. नाडाही तिकडेच गेला. मधली जोडी मात्र त्यांच्याबरोबर गेली नाही, आणि बंगळूरू त्या हंगामात उपांत्य फेरीत पोहोचली नाही. मोहित आणि नाडा पकड विसरले होते काय? हातात हात देणारे बदलले होते. एकवीस-बावीस वर्षांच्या मुलाला तर नवा संघ, नवा मध्यरक्षक, नवी भाषा, सगळे एकदम पेलावे लागते. हाताच्या दाबावरून जोडीदाराला खूण द्यायची आणि घ्यायची सवय सरावातूनच लागते, आणि तिला काही महिने जातात.

किती दिवसांनी निकाल द्यावा? आमचे मत स्पष्ट आहे: साठ प्रयत्न होईपर्यंत नाही. वीस प्रयत्नांत दहा पकडी म्हणजे ५० टक्के आणि सात पकडी म्हणजे ३५ टक्के. मधल्या तीन पकडी एका निसटत्या बोटाच्या आणि एका पंचनिर्णयाच्या आहेत. त्यावरून कोणाला हिरा किंवा दगड ठरवू नये. साठ प्रयत्न व्हायला साधारण दहा-बारा सामने लागतात. त्यानंतर ४५ टक्क्यांच्या वर असेल तर तरुण कोपरा योग्य वाटेवर आहे, ५० च्या वर असेल तर संघाने पैसे नीट खर्च केले असे आम्ही समजू. ३५ च्या खाली असेल, आणि फसलेल्या झेपा बहुतेक निदान रेषेच्या पुढच्या असतील, तर काळजीचे कारण आहे. पण ती चूक शिकवता येते. फसलेल्या झेपा बोनस रेषेमागच्या असतील, हात वेळेवर पडूनही चढाईपटू ओढून नेत असेल, तर प्रश्न कंबरेच्या आणि मांडीच्या ताकदीचा आहे, आणि त्याला एक अख्खा उन्हाळा लागतो.

एका गोष्टीत मात्र आम्ही मोठ्या बोलीच्या खेळाडूला सवलत देणार नाही. ५ कोटींतले १ कोटी एकावर गेले, तर उरलेले किमान सतरा जण ४ कोटींत बसवावे लागतात. त्यामुळे राखीव कोपरा हमखास कच्चा असतो. महाग कोपऱ्याने मैदानावर असलेच पाहिजे. पंचांशी हुज्जत घालून पिवळे कार्ड घेणे आणि दोन मिनिटे बाहेर बसणे हा त्याच्या बाबतीत गुन्हा आहे, कारण त्या दोन मिनिटांत समोरच्याच्या दोन चढाया होऊन जातात. दुखापतीचे तसे नाही. खांदा निखळणे हा या जागेचा धंदाच आहे. हात पूर्ण लांब, अंग जमिनीला समांतर आणि समोरचा विरुद्ध दिशेने ओढतो आहे, त्यात सांधा सुटतो. डाव्या कोपऱ्याने खांदा निखळल्यानंतर सहा आठवड्यांत परत येऊन पूर्वीसारखी झेप घ्यावी, अशी अपेक्षा ठेवणाऱ्यांनी त्याच्या पुढच्या दहा वर्षांचा विचार केलेला नसतो. परतलेला खेळाडू झेप घेताना कोपर शरीराजवळ ठेवतो का, की दुखऱ्या बाजूने हातच घालत नाही, हे पाहावे. हातच घालत नसेल तर तो अजून बरा झालेला नाही, आणि त्याला उतरवणाऱ्यांची ती चूक आहे.

आपल्याकडे विनंती एवढीच. सामन्याच्या वृत्ताखाली जो तक्ता छापता, त्यात प्रत्येक कोपरारक्षकापुढे आणखी तीन आकडे द्यावेत: प्रयत्न किती, त्यातले यशस्वी किती, आणि सुपर टॅकल किती. प्रयत्नांची नोंद लीगच्या आकडेवारीत असतेच, ती फक्त पानावर आणायची आहे. जागा एका ओळीची लागेल. जमल्यास मॅटवर किती मिनिटे होता तेही.

दुसरी विनंती मुंबई शहर आणि उपनगरातल्या मंडळांना, आपल्यामार्फत. प्रभादेवी, लालबाग, कुर्ला, जोगेश्वरीत जे सामने होतात, त्यांच्या गुणपत्रकात चालू गुण, लोण, बोनस, विश्रांतीचे वेळ हे सगळे लिहिले जाते. कोणी झेप घेतली आणि ती फसली, हे कुठेच राहत नाही. त्यामुळे उद्या आपला एखादा मुलगा निवड चाचणीला गेला, तर त्याच्याकडे दाखवायला पकडी आणि प्रमाणपत्रे एवढेच असते. यासाठी यंत्र लागत नाही. कुमार गटातला एक मुलगा बोनस रेषेच्या समोर, लॉबीच्या बाहेर पेन्सिल आणि वही घेऊन बसवावा. उभ्या रकान्यात रक्षकांचे क्रमांक, आडव्या ओळीत चढाईचा क्रमांक. झेप घेतली की तिरपी रेघ, पकड झाली की तिला उलटी रेघ देऊन फुली, निदान रेषेच्या पुढे झेप घेतली असेल तर रेघेवर टिंब, आणि चढाईपटू ज्या कोपऱ्याकडे वळला त्याचे अक्षर, डावा की उजवा. चाळीस मिनिटांत दोन पाने भरतात. १५ जुलैला बुवा साळवी यांच्या जन्मदिनी राज्यात कबड्डी दिन साजरा होतो. त्या दिवशीच्या सामन्यांपासून ही वही सुरू करता येईल, आणि ती भरून दाखवायला आमच्यापैकी दोघे कोणत्याही मंडळात येऊन बसतील.

आपले,
प्रभादेवी-लालबाग परिसरातील काही जुने कबड्डीपटू, पंच आणि गुणलेखक
मुंबई